शब्दांविना विनोद : शि. द. फडणीस आणि मराठी मुखपृष्ठाची गोष्ट

व्याख्यानमालेच्या आजच्या भागात आपण एका चित्रकाराविषयी बोलणार आहोत. आता इतिहासाच्या व्याख्यानात चित्रकार कशाला, आणि त्यातून हास्यचित्रकार, असं कुणी विचारेल. शनिवार पेठेत बसून इतिहास म्हटलं की डोळ्यांसमोर शनिवारवाडा येतो, लढाया आणि तह आठवतात. ते साहजिक आहे. पण याच पेठेच्या कडेला अप्पा बळवंत चौक आहे. शनिवार, नारायण आणि बुधवार या पेठा जिथे एकमेकींना भिडतात तो पुस्तकांचा बाजार. मराठी मध्यमवर्गाच्या घरात काय वाचलं गेलं याचा इतिहास त्या चौकातल्या दुकानांत सापडतो. जूनमध्ये पाठ्यपुस्तकांची गर्दी, दसऱ्यानंतर दिवाळी अंकांची. आजचे आपले चित्रकार या दोन्ही हंगामांत तिथे हजर असत. दिवाळीत 'मोहिनी'च्या मुखपृष्ठावर आणि जूनमध्ये गणिताच्या पुस्तकात. त्यांचं नाव शि. द. फडणीस.

आमचं आजचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकणाऱ्याला सोपं जाईल. फडणीस यांची ओळख बहुतेक वेळा 'निर्मळ विनोद करणारे' अशी करून दिली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. त्यांनी खरं काम केलं ते वेगळंच. मराठी छापील जगात चित्र हे मजकुराच्या नोकरीत होतं. फडणिसांनी ते त्या नोकरीतून सोडवलं. मजकूर नसतानाही चित्र 'वाचता' येतं, आणि ते वाचायला डोळ्यांना कष्ट करावे लागतात, ही सवय त्यांनी काही पिढ्यांना लावली. आणि गंमत अशी, की ज्यांना ही सवय लागली त्यांतल्या अनेकांना चित्र आठवतं, चित्रकाराचं नाव आठवत नाही. ही विसंगती काय आहे, तिकडे आपण शेवटी येऊ.

आधी थोडा काळाचा हिशेब. फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ चा. गाव भोज, तेव्हाचा बेळगाव जिल्हा. आज हा भाग कर्नाटकात आहे, पण बोली मराठी. म्हणजे दोन भाषांच्या सीमेवरचं गाव. पुढे शिक्षणासाठी कोल्हापूर, आणि तिथून मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. कोल्हापूर त्या काळात चित्रकारांचं गाव होतं. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांची परंपरा तिथल्या हवेत होती. जे. जे. मध्ये मात्र फडणिसांनी निवडली ती उपयोजित कला, म्हणजे तेव्हाच्या शब्दांत 'कमर्शियल आर्ट'. ही निवड लक्षात ठेवा. ललितकलेचा विद्यार्थी आपलं चित्र भिंतीवर टांगलेलं बघतो. उपयोजित कलेचा विद्यार्थी पहिल्या दिवसापासून चित्र छापलं जाणार आहे असं धरून चालतो. त्याला शाई, कागद, ठसा आणि बघणाऱ्याचे दोन सेकंद, एवढ्यांचा विचार करावा लागतो.

विद्यार्थिदशेतच, १९४० च्या दशकात, त्यांची हास्यचित्रं 'मनोहर' मासिकात येऊ लागली. 'मनोहर' हे किर्लोस्करवाडीचं मासिक, १९३४ मध्ये सुरू झालेलं. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या तिन्ही मासिकांच्या मागे शंकरराव किर्लोस्कर होते, आणि शंकरराव स्वतः चित्रकार होते, व्यंगचित्रं काढत असत. संपादकच चित्रकार असला की मासिकात चित्राला जागा मिळते. मराठीत हास्यचित्राला घर मिळालं त्यात या मासिकांचा वाटा मोठा आहे.

आता 'व्यंगचित्र' हा शब्द जरा थांबून बघू. मराठीत आपण 'कार्टून'ला सरसकट व्यंगचित्र म्हणतो. त्या शब्दातच 'व्यंग' आहे, म्हणजे कुणाचं तरी उणं दाखवायचं. एखाद्या माणसाचा चेहरा वाढवून-चढवून काढला तर त्याला अर्कचित्र म्हणतात. आणि तिसरा शब्द आहे हास्यचित्र. फडणिसांच्या कामाला हा तिसरा शब्द शोभतो, कारण त्यांच्या चित्रात सहसा कुणी बळी नसतो. ज्याला हसायचं असा पुढारी नाही, बावळट नवरा नाही, कजाग बायको नाही. हसू येतं ते परिस्थितीचं, वस्तूंचं, आपल्याच बघण्याच्या सवयीचं.

हे किती वेगळं होतं ते कळायला आजूबाजूला बघावं लागतं. १९५१ मध्ये आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' टाइम्स ऑफ इंडियात रोज यायला लागला. बाळासाहेब ठाकरे फ्री प्रेस जर्नलमध्ये व्यंगचित्रं काढत होते, पुढे १९६० मध्ये त्यांनी 'मार्मिक' काढलं. ही सगळी राजकीय व्यंगचित्राची थोर परंपरा. पण तिची एक अट असते. ते चित्र त्या दिवसाच्या बातमीला बांधलेलं असतं. वीस वर्षांनी बघितलं तर खाली टीप लागते, हा मंत्री कोण आणि हे प्रकरण कोणतं. दुसऱ्या बाजूला वसंत सरवटे होते. तेही कोल्हापूरचे, फडणिसांहून दोन वर्षांनी लहान. सरवट्यांची रेषा साहित्याशी बोलते. पु. ल. देशपांड्यांची पुस्तकं, 'ललित' मासिकातला 'ठणठणपाळ', यांची आठवण सरवट्यांच्या चित्रांशिवाय होतच नाही. तिथे लेखक आणि चित्रकार जोडीनं चालतात. फडणीस या दोन्ही वाटांनी गेले नाहीत. त्यांच्या चित्राला बातमीचाही आधार नाही आणि लेखकाचाही नाही.

मग आधार कशाचा? मुखपृष्ठाचा. इथे अनंत अंतरकर यांचं नाव घ्यावंच लागेल. 'हंस', 'मोहिनी' आणि 'नवल' या मासिकांचे हे संपादक. 'हंस' त्यांनी १९४६ मध्ये सुरू केलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अंतरकरांनी या तरुण चित्रकाराला मुखपृष्ठावर आणलं, आणि तेही विनोदी चित्रासकट. आज आपल्याला यात विशेष वाटणार नाही. तेव्हा मात्र हे धाडस होतं.

त्या वेळी दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ म्हणजे काय होतं? दिवाळी अंकाची प्रथा का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'नं १९०९ मध्ये पाडली. पुढच्या चाळीस वर्षांत मुखपृष्ठाचा एक साचा तयार झाला : सुंदर स्त्री. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर हे त्यातले बादशहा. दलालांचा 'दीपावली' १९४५ मध्ये सुरू झाला, मुळगावकरांचा 'रत्नप्रभा' होता. दोघांचं कसब असं की अंक विकत घेणारा आधी मुखपृष्ठ बघून थांबे. पण त्या मुखपृष्ठाचं काम काय? थांबवणं, प्रसन्न करणं आणि दार उघडून देणं. खरं वाचन आतल्या पानावर. मुखपृष्ठ हे घराच्या दारावरच्या तोरणासारखं होतं. देखणं, शुभ, पण त्यात राहत कुणी नाही.

आणि मग १९५२ चा 'मोहिनी'चा दिवाळी अंक आला. ते मुखपृष्ठ आपल्यापैकी पुष्कळांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असेल. एक तरुण, एक तरुणी. दोघं नटलेले, आधुनिक. प्रथमदर्शनी वाटतं, चला, नेहमीचंच देखणं जोडपं. मग नजर कपड्यांवर जाते. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी आहे आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. बस. एवढंच. खाली एक ओळ नाही, कुणाच्या तोंडी संवाद नाही.

हे चित्र कसं काम करतं ते जरा सावकाश बघू, कारण फडणिसांची सगळी शैली त्यात बीजरूपानं आहे. पहिली गोष्ट, त्यांनी जुना साचा मोडला नाही. साडीतली तरुणी त्यांनी ठेवलीच. गिऱ्हाइकाला जे बघायची सवय आहे ते त्याला दिलं आणि त्याच्याच आत विनोद ठेवला. दुसरी गोष्ट, माणसं काहीच करत नाहीत. सगळं नाट्य कापडावर आहे. आपण कापडावरची नक्षी बघतो ती न बघितल्यासारखी. नक्षी म्हणजे सजावट, तिला अर्थ नसतो, असं आपण धरून चालतो. चित्रकारानं नेमकं तिथेच बोट ठेवलं. तिसरी गोष्ट, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची : हा विनोद कळायला दोन ठिकाणी बघावं लागतं. नुसती मांजरं बघितली तर ती नक्षी. नुसते उंदीर बघितले तर तीही नक्षी. नजर इकडून तिकडे गेली आणि परत आली की मग हसू फुटतं. म्हणजे चित्र एकच, पण त्यात 'आधी' आणि 'नंतर' आहे. चित्रात काळ आहे.

कॉमिक्सच्या अभ्यासकांना हा मुद्दा जवळचा वाटेल. कॉमिक्समध्ये काळ चौकटींमधून पुढे सरकतो. याच पुण्यात प्रताप मुळीक यांनी ते काम फार मोठ्या प्रमाणावर केलं. १९६७ मध्ये अनंत पैंनी सुरू केलेल्या 'अमर चित्र कथा'साठी त्यांनी पौराणिक-ऐतिहासिक कथा चितारल्या, आणि १९८६ मध्ये राज कॉमिक्सच्या 'नागराज'ला पहिलं रूप दिलं. पुढे १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' सुरू झाला. तीन-चार चौकटी, त्यात रोजचं घर आणि कॉलनी. या दोन्ही प्रकारांत चित्रकार वाचकाचं बोट धरून त्याला चौकटीतून चौकटीत नेतो. फडणिसांकडे चौकट एकच आणि बोट धरायला कुणी नाही. चौकटींमधलं ते चालणं वाचकाच्या डोळ्यांनी स्वतः करायचं. म्हणून आम्ही त्यांना कॉमिक्सच्या घराण्यापासून तोडत नाही. तो त्याच घराण्यातला, पण अधिक अवघड प्रकार आहे.

जगात याची नातीगोती आहेत. अमेरिकेतलं 'न्यू यॉर्कर' साप्ताहिक १९२५ मध्ये, म्हणजे फडणिसांच्या जन्माच्याच वर्षी निघालं, आणि चित्रमय मुखपृष्ठ ही त्याची खूण झाली. तिथले सॉल स्टाइनबर्ग किंवा फ्रान्सचे सांपे हे शब्दांविना बोलणारे चित्रकार. फडणिसांची तुलना त्यांच्याशी होऊ शकते. फरक कापडाचा आहे, असं आम्ही म्हणू. फडणिसांच्या चित्रातलं जग नऊवारी-पाचवारीचं, छत्रीचं, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांचं, पाहुण्यांचं. ते मध्यमवर्गीय मराठी घर आहे, आणि तरीही ते समजायला मराठी यावं लागत नाही. दोन भाषांच्या सीमेवर जन्मलेल्या माणसानं भाषेविना बोलणारं चित्र निवडलं, यातून आम्ही कार्यकारणभाव काढत नाही. पण नोंद मात्र करून ठेवतो.

आता रेषा आणि रंग. फडणिसांची रेषा बारीक, स्वच्छ, एकसारख्या जाडीची. ती थरथरत नाही, फटकारे मारत नाही. रंग सपाट. छायाप्रकाश जवळजवळ नाही. दलालांच्या चित्रात गालावर उजेड पडतो, तसा उजेड इथे कुठून येत नाही. काही जणांना हे साधेपण वाटतं. पण याला दोन कारणं दिसतात. एक छपाईचं. खिळ्यांच्या छपाईच्या काळात चित्राचा ब्लॉक करावा लागे, आणि प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. छटा जितक्या नाजूक तितका हाफटोनचा खर्च आणि बिघडण्याची भीती जास्त. रंग जरासा सरकला तर नायिकेचे ओठ हनुवटीवर! स्वच्छ रेषा आणि सपाट रंग ही छापखान्याची मर्यादा ओळखणाऱ्या माणसाची भाषा आहे. दुसरं कारण विनोदाचं. छायाप्रकाश नजरेला ओढतो, सांगतो की इथे बघ. सपाट चित्रात सगळ्या वस्तूंना सारखाच मान. माणसाचा चेहरा आणि साडीवरचा उंदीर एकाच तोलाचे. मग महत्त्वाचं काय हे बघणाऱ्यानं ठरवायचं. ऑफसेट आल्यावर हव्या तितक्या छटा छापता आल्या असत्या, तरी फडणिसांनी ही भाषा सोडली नाही. म्हणजे ती नुसती अडचणीतून आलेली तडजोड नव्हती.

हाच गुण त्यांना एका अनपेक्षित ठिकाणी घेऊन गेला : गणिताच्या पुस्तकात. १९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', पुण्यात स्थापन झाली. १९७० च्या दशकात प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकांसाठी फडणिसांनी चित्रं काढली. तोवर गणिताच्या पुस्तकातलं चित्र म्हणजे ओळीनं मांडलेले आंबे. मोजा आणि पुढे चला. हास्यचित्रकाराला हे काम का जमावं? विचार करून बघा. लहान मुलाला वाचता येत नाही, किंवा नुकतंच येऊ लागलंय. त्याच्यासमोर जे चित्र आहे ते शब्दांविना कळलं पाहिजे. त्यात कमी-जास्त, पुढे-मागे, समान-असमान हे नात्यातून दिसलं पाहिजे. मूल इकडे बघणार, तिकडे बघणार, आणि तुलना करणार. ही तर मांजर-उंदराच्या मुखपृष्ठाचीच रीत झाली! विनोद आणि गणित दोन्हींत शेवटी नातं ओळखावं लागतं. आणि दोन्हींत 'हां, आलं लक्षात' हा क्षण स्वतःचा स्वतः गाठावा लागतो, दुसऱ्यानं समजावून सांगितला तर मजा जाते.

महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली, ज्यांच्या घरात दिवाळी अंक कधी येत नसे अशी मुलंही त्यामुळे या रेषेला ओळखू लागली. 'मोहिनी'चा वाचक आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल, या दोघांमध्ये अंतर केवढं! ते एका चित्रकारानं ओलांडलं. आम्हाला वाटतं, फडणिसांच्या कामातला हा सर्वांत मोठा सामाजिक भाग आहे आणि त्याच्यावर सर्वांत कमी बोललं गेलंय.

तिसरं पाऊल प्रदर्शनाचं. १९६५ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात त्यांच्या हास्यचित्रांचं प्रदर्शन भरलं, 'हसरी गॅलरी'. छापण्यासाठी काढलेलं चित्र भिंतीवर लावलं, आणि तेही जिथे तैलचित्रं टांगली जातात तिथे. पुढे 'हसरी गॅलरी' गावोगाव गेली, याच नावानं पुस्तक आलं, मग 'मिस्कील गॅलरी', 'फडणीस गॅलरी'. 'चित्रहास' या कार्यक्रमातून ते पडद्यावर चित्रं दाखवत आणि त्यांच्यामागचा विचार उलगडत. 'रेषाटन' हे त्यांचं आठवणींचं पुस्तक आहे. या सगळ्याकडे आपण एका चित्रकाराची लोकप्रियता म्हणून बघू शकतो. आम्ही त्याच्याकडे एक दावा म्हणून बघतो. चित्रकाराचं म्हणणं असं, की हे चित्र अंकाबरोबर जन्मलं असेल, पण अंकाबरोबर मरायला नको.

आणि इथे आपण सुरुवातीच्या विसंगतीकडे येतो. दिवाळी अंकाचं पुढे काय होतं? घरोघर फिरतो, फिरत्या वाचनालयात जातो, कोपरे दुमडतात, मुखपृष्ठ सुटतं आणि शेवटी रद्दी. ग्रंथालयात गेला तर तिथेही एक घोळ असतो. वर्षाचे अंक एकत्र बांधताना बरेचदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकतात. का, तर ती 'मजकूर' नाहीत. म्हणजे कथा राहते, लेखकाचं नाव अनुक्रमणिकेत राहतं, आणि चित्र बांधणीवाल्याच्या टोपलीत जातं. पाठ्यपुस्तकांचं तर विचारूच नका. अभ्यासक्रम बदलला की जुनी पुस्तकं कुणी ठेवत नाही. आजचा संशोधक बसला तर त्याला १९५० च्या दशकातली कथा सहज मिळेल, त्या अंकाचं मुखपृष्ठ मिळेलच असं नाही.

आता यात भर पडली आहे मोबाइलची. दिवाळी आली की जुनी मुखपृष्ठं फिरू लागतात. लोक हसतात, पुढे पाठवतात. पण कुणीतरी कडा कापलेली असते, सही गेलेली असते, साल नसतं, अंकाचं नाव नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं कवीप्रमाणेच चित्रकारालाही कर्ता मानलंय. आपण कविता पुढे पाठवताना कवीचं नाव गळलं तर हळहळतो, कुणीतरी लगेच दुरुस्तही करतं. चित्राच्या बाबतीत ही हळहळ अजून आपल्याला लागलेली नाही. ज्या माणसानं चित्राला मजकुराच्या चाकरीतून सोडवलं, त्याचंच चित्र आपण पुन्हा 'सोबतचं चित्र' करून टाकतो.

जुलै २०२५ मध्ये फडणीस यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. शताब्दीला सत्कार होतात, विशेषांक निघतात, ते व्हायलाच हवेत. पण शताब्दीचं खरं काम यादीचं आहे, असं आम्हाला वाटतं. कोणत्या वर्षी, कोणत्या अंकावर कोणतं चित्र आलं, गणिताच्या कोणत्या इयत्तेच्या कोणत्या आवृत्तीत कोणती चित्रं होती, याची नीट सूची हवी. हे कंटाळवाणं काम आहे, त्याला टाळ्या मिळत नाहीत. पण इतिहास अशाच याद्यांवर उभा राहतो.

आणि त्यात आपण सगळे हात लावू शकतो. माळ्यावर, ट्रंकेत, गावच्या घरी जुना 'मोहिनी', 'हंस' असेल, जुनं गणिताचं पुस्तक असेल, तर ते रद्दीत घालण्याआधी मुखपृष्ठ आणि श्रेयनामावलीचं पान, दोन्हींचे फोटो काढा. कडा कापू नका, सही दिसू द्या. अंकाचं नाव, महिना, साल लिहून ठेवा. पुढे पाठवाल तेव्हा चित्रकाराचं नाव घालून पाठवा. आणि चित्र हातात आहेच तर आधी दोन मिनिटं नुसतं बघा. घाईनं पान उलटू नका, कारण विनोद कुठे लपलाय ते खाली लिहिलेलं नसतं.

पुढच्या भागात याच धाग्यावरून आपण दलाल आणि मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांकडे जाणार आहोत. तोवर तुमच्याकडचे अंक शोधून ठेवा.